बरणीला नाव घालता येत नाही

मागच्या वैशाखात राजापूरजवळचं आमचं घर रिकामं केलं. पावसाआधी छप्पर उतरवायचं होतं, म्हणून आम्ही सगळी चुलत भावंडं चार दिवस काढून गेलो होतो. तांब्या-पितळेची वाटणी एका सकाळीत उरकली. कुणीतरी काटासुद्धा आणला होता, पण त्याची फारशी गरज पडली नाही, कारण बहुतेक भांड्यांवर नावं होती. आजोबांचं नाव, थोरल्या काकूच्या वडिलांचं नाव, कुठे 'मुंजीनिमित्त', कुठे 'सप्रेम भेट', खाली गाव आणि साल. ज्याचं नाव त्याच्या घरी गेलं. घंगाळावर दोन नावं निघाली तेव्हा थोडी चर्चा झाली, तेवढीच.

चिनी मातीच्या बरण्या मात्र मागच्या पडवीत ओळीने ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. लहानमोठ्या मिळून अकरा. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, त्या भंगारवालापण घेत नाही." खरंच आहे ते. काचेची बाटली रद्दीवाला घेतो, बरणी घेत नाही. ती वितळवता येत नाही, मोडीत जात नाही. दुपारपर्यंत त्यातल्या दोन बरण्यांत कुणीतरी खिळे आणि जुनी कुलपं भरून ठेवली होती.

मी त्या अकराही बरण्या पुण्याला आणल्या. तोपर्यंत माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेल्या पाच-सहा बरण्या आणि काही बश्या होत्याच. एकोणीस वर्षं मी हे गोळा करते आहे आणि पहिल्यापासून एक गोष्ट मला टोचते: पितळेच्या तांब्यावर नाव घालता येतं, बरणीवर येत नाही. झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, ठसा उमटत नाही, टोचा मारायला गेलं तर टवका उडतो. त्यामुळे घर मोडलं की सगळ्यात आधी बरणीचा धनी हरवतो. ती कुणी आणली, कुणाच्या हाताखाली होती, तिच्यात काय असायचं, हे सांगणारं माणूस गेलं की ती नुसती एक तपकिरी-पांढरी वस्तू उरते. म्हणून बरणी ओळखायची म्हणजे दोन गोष्टी ओळखायच्या असतात. ती कुठे घडली आणि ती कुणाची होती. पहिलीसाठी बरणी उलटी करावी लागते. दुसरीसाठी माणसं गाठावी लागतात.

आधी उलटी करण्याबद्दल.

आपण मराठीत सगळ्यालाच चिनी माती म्हणतो. कपबशीही चिनी मातीची, लोणच्याची बरणीही चिनी मातीची. पण बुडाशी जिथे झिलई नसते तिथे बोट फिरवलं की फरक कळतो. भट्टीत ज्या कड्यावर भांडं उभं राहतं ती कड नेहमी उघडी ठेवतात, नाहीतर झिलई वितळून भांडं खालच्या फळीला चिकटून बसेल. त्या उघड्या कड्यावर माती आपल्या खऱ्या रंगात दिसते. बरणीची माती राखाडी किंवा फिकट पिवळसर, घट्ट, दगडासारखी असते. तिला स्टोनवेअर म्हणतात ते उगाच नाही. बाराशे अंश सेल्सियसच्या वर भाजली की ती माती स्वतःच्या अंगानेच जवळजवळ बंद होते. जुन्या बश्यांची माती बहुधा पांढरी आणि सच्छिद्र असते, ती अर्दनवेअर. आणि टॉर्च मागे धरल्यावर ज्याच्यातून बोटांची सावली दिसते ते पोर्सेलीन किंवा बोन चायना.

मातीसाठी माझी चाचणी एकच आहे. कडा स्वच्छ धुऊन दोन दिवस सावलीत वाळवायचा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर भांडं नीट भाजलेलं आहे. हळूहळू पसरून आत गेला तर माती कच्ची राहिली आहे, आणि अशा भांड्यात इतक्या वर्षांत तेल, मीठ, काय काय मुरलं असेल ते आपण धरून चालायचं. दुसरी गोष्ट कानाची. बरणी सतरंजीवर ठेवून पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारायची. अखंड बरणी खणखणीत वाजते. बद्द वाजली की कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. आमची आजी बाजारात मडकं असंच वाजवून घ्यायची.

आता त्या दोन रंगांबद्दल, कारण त्या बरणीची ओळखच ती आहे: खांद्यापासून वर तपकिरी, खाली पांढरट. लहानपणी मला वाटायचं की ही आपलीच, अगदी घरगुती रीत. पण या रूपाची मुळं इंग्लंडात ब्रिस्टल शहरात सापडतात. तिथे विल्यम पॉवेल नावाच्या कुंभाराने १८३५ च्या सुमारास स्टोनवेअरसाठी नवी झिलई काढली. त्याआधी बरण्या-बाटल्यांवर मिठाची झिलई असायची. भट्टी ऐन तापावर आली की तिच्यात मीठ टाकायचे. त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला धरून वर काच बनवायचं, आणि संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा यायचा. पॉवेलच्या झिलईत फेल्डस्पार हे खनिज असायचं, शिसं नसायचं आणि धूर सोडणारं मीठही लागायचं नाही. भांडं आधी एका बाजूने लोहयुक्त झिलईत बुडवायचं आणि मग उलटं धरून दुसऱ्या, साध्या झिलईत. एकाच भाजणीत दोन्ही रंग पक्के. ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली आणि लोणच्याच्या बरणीची होऊन राहिली. बरणी हातात घेऊन त्या दोन रंगांच्या सांध्यावर बोट फिरवून बघा. तिथे एक बारीकशी उंच रेघ लागते, कारण तेवढ्याच पट्ट्यात झिलईचे दोन थर एकावर एक आलेले असतात. कुठे कुठे तपकिरी ओघळ खाली उतरलेला असतो. मला त्या ओघळांचं फार प्रेम आहे. बुडवताना कुणाचा तरी हात क्षणभर कलला होता, त्याची ती खूण.

आणि आपल्याकडे ती बनवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, हे मला कळलं तेव्हा किती आनंद झाला म्हणून सांगू! परशुराम गणपुले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी सौराष्ट्रात थानगढला मातीकामाचा कारखाना उभा केला. पुढे परशुराम पॉटरी हे नाव थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात मोठं झालं. आज मोरबी म्हटलं की फरश्या आणि टाइल्स डोळ्यांसमोर येतात, पण त्या भागातला मातीचा आधुनिक धंदा उभा राहिला त्यात या कारखान्याचा मोठा वाटा आहे. तिकडे कोलकात्यात कलकत्ता पॉटरी वर्क्स निघालं, ते पुढे बेंगॉल पॉटरीज झालं. उत्तर प्रदेशात खुर्जा आहेच. घरातल्या बरणीवर ठसा असेल तर तो बुडाला किंवा पायथ्याजवळ, लंबगोलात, दाबून उमटवलेला सापडतो आणि बहुतेकदा झिलईने अर्धा भरलेला असतो. तो वाचायचा तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरायचा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते. त्यानेही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, लहानपणी नाण्याचा छापा काढायचो तसं. आमच्या अकरातल्या एकीवर मला असं 'वर्क्स' एवढंच मिळालं आणि त्याखाली ३ हा आकडा. पुढची-मागची अक्षरं झिलईने गिळली आहेत. त्या पेन्सिलीच्या कागदावर तारीख घालून मी तो जपून ठेवला आहे.

ठसा नसेल तर घडण बघावी. आत हात घालून भिंतीवर बोटं फिरवली आणि गोल गोल वळ्या लागल्या, तर बरणी चाकावर ओढलेली आहे. बाहेरून उभी बारीक शिवण दिसली तर ती दोन भागांच्या साच्यातून निघाली. कान कसे लावलेत तेही बघावं. हाताने लावलेल्या कानाच्या मुळाशी अंगठ्याचा दाब दिसतो आणि दोन कान कधीच तंतोतंत समोरासमोर येत नाहीत. हे कान दादऱ्याची दोरी अडकवायला. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडावर झाकणावरून बांधायचं फडकं. हल्ली मुलांना हा शब्द माहीत नसतो, तालाचा दादराच माहीत असतो.

या दोन रंगांच्या बरणीआधीही परदेशी बरणी आपल्या किनाऱ्यावर होती. हिंदीत जिला मर्तबान म्हणतात, तिचं नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून पडलं, आजचं मोत्तमा. चिनी आणि ब्रह्मी मोठ्या झिलईदार बरण्या तिथून जहाजांवर चढायच्या. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा बरणीला बुयांव म्हणतात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता लिहितो की त्याला भेट म्हणून मर्तबान मिळाले आणि त्यांत समुद्रप्रवासासाठी खारवलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे होते. खारातले आंबे! हे वाचलं तेव्हा मी उठून आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सातशे वर्षांपूर्वी जहाजावर जे होतं तेच आमच्या माजघरात फडताळाखाली होतं. अख्ख्या कैऱ्या, मीठ, पाणी, वर दगड.

बश्यांचं शास्त्र वेगळं आहे, ते मी थोडक्यात सांगते, कारण माझा जीव बरण्यांत आहे. बशीच्या पाठीवर छापील शिक्का असतो आणि तो बराच बोलतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत निळ्या-लाल नक्षीच्या ज्या खोलगट थाळ्या निघतात, त्यातल्या कितीतरी हॉलंडमधल्या मास्त्रिख्त गावच्या आहेत. शिक्क्यात स्फिंक्सचं चित्र असेल तर पेट्रस रेगूचा कारखाना, १८३६ पासूनचा. 'सोसिएते सेरामिक' असेल तर त्याच गावातला शेजारी कारखाना. १९५८ साली हे दोन्ही एक झाले, म्हणजे नुसतं 'सोसिएते सेरामिक' असलेली थाळी त्याच्या आधीची धरायला हरकत नाही. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या साली अमेरिकेने कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' विसाव्या शतकातलं. जपानी मालावर आधी 'निप्पॉन', १९२१ नंतर 'जपान'. पण हे लक्षात ठेवा की हे नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचे. मुंबई बंदरात उतरलेल्या पेटीतल्या प्रत्येक कपाने ते पाळले असतीलच असं नाही. शिक्क्यावरून वय काढताना दुकानदार जेवढ्या छातीठोकपणे साल सांगतात तेवढं साल त्या शिक्क्यात नसतं.

कपबशीबद्दल एक आठवण. आत्या सांगते की त्यांच्या लहानपणी बरणी स्वयंपाकघरात सोवळ्यात चालायची, कपबशी मात्र ओटीवरच्या कोनाड्यात असायची आणि तिथेच विसळली जायची. दोन्ही चिनी मातीच्याच, पण एकीला आत जागा आणि दुसरीला बाहेर. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचं प्रकरण, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली, हे आपण शाळेत वाचतो. त्याचा धागा आमच्या ओटीवरच्या कोनाड्यापर्यंत आलेला होता. आणि ज्या बरणीला आत जागा होती तिला महिन्यातले चार दिवस घरातल्या बायकांनी हात लावायचा नाही, हाही नियम होताच. लोणचं नासतं म्हणे. कैऱ्या चिरायच्या बायकांनी, फोडी पुसून मीठ लावायचं बायकांनी, आणि शिवायचंही नाही त्यांनीच. मला या बरण्या प्रिय आहेत, पण तो नियम नाही.

आता बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी सकाळी सातला जाते, कारण ऊन चढलं की झिलईवरचे तडे चकाकीत लपतात. तिथे एका विक्रेत्याने मला एकदा "ताई, शंभर वर्षांचा माल आहे, संस्थानातला" म्हणून एक बरणी साडेसातशेला दिली. आत काळपट डाग, बुडाला माती, कानात जुनाट सुतळी. घरी आणून कोमट पाण्यात ठेवली तर डाग तासाभरात सुटला आणि पाण्याला चहाचा वास आला. खालचा कडा पांढरा स्वच्छ, एकही ओरखडा नाही. खरी जुनी बरणी फडताळात, शहाबादी फरशीवर, शेणाच्या जमिनीवर हजारदा सरकलेली असते. तिचा कडा झिजून गुळगुळीत होतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. जिकडे ती कलती करून ओढली जायची तिकडे जास्त. वरचा भाग कितीही मळवता येतो, पण ही झीज खोटी करणं फार कष्टाचं काम आहे. तेव्हापासून मी बरणीचं तोंड नंतर बघते आणि कडा आधी.

अजून एक सांगायलाच हवं. स्टोनवेअरच्या बरण्या आम्लं ठेवायलाही वापरल्या जायच्या, प्रयोगशाळांत आणि कारखान्यांत. बाजारातली बरणी कुठून आली हे कळत नसेल तर तिच्यात खायचं काही ठेवू नका. रंगीत नक्षीच्या जुन्या अर्दनवेअरच्या थाळीतही आंबट पदार्थ ठेवू नयेत. कमी तापमानाच्या त्या झिलयांत आणि वरच्या रंगांत शिसं असू शकतं, आणि चिंच, लिंबू, व्हिनेगर ते ओढून काढतात. घरातली, इतिहास ठाऊक असलेली, थेंब न शोषणारी दोन रंगांची बरणी मी अजून लोणच्याला वापरते. बाकीच्या रिकाम्या आहेत.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

राजापूरच्या अकरातल्या दोन बरण्या जुळ्या होत्या. उंची सतरा इंच, तोंड वीतभर, कान चार, ओघळसुद्धा जवळपास सारखे. घर आवरत होतो तेव्हा आत्याचा फोन आला होता. आत्या सत्त्याऐंशी वर्षांची आहे, लांज्याला मुलाकडे असते. म्हणाली, "बाकी काही नको हो मला. माझी खाराची बरणी तेवढी ठेवा." ही जोडी आजोबांनी मुंबईहून आणली होती. बोटीने जैतापूरपर्यंत, तिथून पडावात, म्हणजे लहान होडीत, मग बैलगाडीतून, पेंढ्यात घालून. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची होती आणि कैऱ्या काढायला तिचाच हात आत घालायला सांगायचे, कारण लहान हाताने खार ढवळला जात नाही.

जोडीतली आत्याची कुठली, हे मला चटकन कळलं, असं मला वाटलं. एकीच्या आत गळ्याच्या चार बोटं खाली एक तपकिरी वर्तुळ होतं, खाराची पातळी. दुसरी मिठाची होती. आत अजून जाड्या मिठाचा थर चिकटलेला होता. मी दोन्ही धुतल्या, वाळवल्या आणि फडताळावर ठेवल्या.

पावसाळा गेला. ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं आणि एका सकाळी मिठाच्या बरणीच्या पायथ्याशी पांढरी लव दिसली. मला वाटलं बुरशी. बोट लावलं तर ती कुरकुरली. भिंगातून पाहिलं तर केसाइतक्या बारीक सुया, झिलईच्या चिरांतून उभ्या निघालेल्या, आणि एका जागी नखाएवढा झिलईचा पापुद्रा त्या सुयांनी अक्षरशः उचलून धरलेला. खाली माती उघडी. बोटाने दाबलं तर पापुद्रा सुटून माझ्या तळहातावर आला. मिठाच्या बरणीने पन्नास-साठ वर्षं मीठ पिऊन घेतलं होतं. पावसात ते आतल्या आत विरघळलं, हवा कोरडी झाल्यावर स्फटिक होऊन बाहेर ढकलू लागलं. त्या बरणीच्या बुडावर थेंब ठेवला असता तर मला वैशाखातच कळलं असतं. मी एकीवर ठेवला होता आणि जुळी म्हणून दुसरी तशीच धरली होती. नंतर ठेवला. थेंब तीन मिनिटांत नाहीसा झाला. एकाच भट्टीतली, पण ही बहुधा मागच्या, कमी तापलेल्या कोपऱ्यात बसली होती.

अशा वेळी ब्लीच, ॲसिड, घासणी यातलं काहीही लावायचं नाही. मीठ ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने पाण्यातून बाहेर काढायचं. मी मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात फिल्टरचं पाणी भरलं आणि बरणी त्यात पूर्ण बुडवली. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र घरात होतंच. भरताना आकडा ६४ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी १,१८०. पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी ९४०. मग रोज सकाळी चहाआधी वहीत आकडा लिहायचा आणि पाणी बदलायचं, हा माझा नेमच झाला.

ती टबात असतानाच भाऊबीज आली. बाबा गेल्यापासून भाऊबीजेला आत्याकडे मी जाते. खाराची बरणी गोधडीत गुंडाळून, गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून लांज्याला नेली. आत्याला हल्ली मोतीबिंदूमुळे धूसर दिसतं. तिने बरणी मांडीजवळ घेतली, कान चाचपले, पदर खोचला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. बराच वेळ तिची बोटं आत फिरत होती.

"ही नव्हे," ती म्हणाली.

मी तिला खाराचं वर्तुळ सांगितलं, डाग सांगितला. ती ऐकून घेत होती, पण मान हलवत होती. "माझीच्या आत खडा आहे गो. या कानाच्या खाली, मधल्या बोटाला लागतो. कैरी काढताना दर वेळी लागायचा. एकदा खरचटलं पण होतं." मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या लग्नानंतर वहिनीने अदलाबदल केली असणार. माझी मिठाला लावली असणार. आईला मी सांगून गेले होते, मिठाची करू नका म्हणून."

रात्री पुण्याला परत आले. दिवा लावून टबाजवळ बसले आणि पाण्यात हात घातला. दुसऱ्या कानाच्या खाली, तीन बोटांवर, भट्टीच्या छतातून पडून झिलईत रुतलेला मोहरीएवढा खडा होता. उलटी केलेली बरणी मी चाळीसदा पाहिली होती, पण आत तिथपर्यंत बोट नेलं नव्हतं.

प्रत्येक बरणीत मी एक चिठ्ठी ठेवते. पेन्सिलने, कारण शाई दमट हवेत पसरते. उंची, बूड, ठसा, कुणाकडून आली, तिच्यात काय असायचं, हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं. त्या रात्री दोन चिठ्ठ्या फाडून नव्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टबातला आकडा २१० होता. आत्याला फोन करून सांगितलं की खडा सापडला, पण बरणी अजून पाण्यात आहे, तीन-चार आठवडे तरी लागतील.

"लागू देत," ती म्हणाली. "चैत्रात कैऱ्या यायच्या आधी आण म्हणजे झालं."